दार लावून बसलेला शेजारी

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय कोळी आहे, हे सूचनाफलकावर वाचून काही पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. दहावीनंतर काय, कोणत्या शाखेला जावे, शिष्यवृत्त्या कोणत्या मिळतात, हे सोडून मास्तर कोळ्यावर काय बोलणार? त्यातून मी बी.ए., बी.एड., मराठी आणि भूगोल शिकविणारा माणूस. प्रयोगशाळेची किल्लीसुद्धा माझ्याकडे नसते. तरीही हा विषय मी मागून घेतला आहे. भूगोलाच्या तासाला सह्याद्री शिकविताना फळ्यावर घाट येतात, नद्या येतात, पावसाचे आकडे येतात. त्या डोंगराच्या मातीत कोण राहते, हे मात्र पुस्तकाबाहेरच राहते. निदान एका रहिवाशाची ओळख आज करून द्यावी, असा माझा विचार आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबे पावसाळा सरता सरता साताऱ्याजवळच्या कास पठारावर फुले पाहायला जाऊन आलेली आहेत. सातारा शहरापासून कास साधारण पंचवीस किलोमीटरवर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तेथे फुलांचे गालिचे पसरतात आणि गाड्यांची रांग लागते. आता तर आधी नोंदणी करून जावे लागते व दिवसाला किती लोक सोडायचे यालाही मर्यादा घातली आहे. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्यांत कास आहे, हे आपण वर्तमानपत्रांत वाचलेच असेल. त्याच २०१२ साली आणखी एक घटना घडली, तिचा मात्र फारसा गाजावाजा झाला नाही. कास पठारावरच्या एका कोळ्याला त्या वर्षी शास्त्रात प्रथमच नाव मिळाले. ते नाव इडिऑप्स कासेन्सिस. इडिऑप्स हे त्याच्या कुळीचे नाव आणि कासेन्सिस म्हणजे कासचा रहिवासी.

हा कोळी ज्या गटातला आहे त्याला इंग्रजीत ट्रॅपडोअर स्पायडर म्हणतात. मी वर्गात त्याला झडपेचा कोळी म्हणतो. कोळी म्हटला की आपल्याला आठवतात ती ईदच्या आधी घर झाडताना काढलेली जळमटे. गारे-सौरच्या कोळ्याची गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या मुलांना तर कोळी म्हणजे जाळे विणणाराच ठाऊक असतो. हा कोळी शिकारीसाठी जाळे विणत नाही. तो जमिनीत बीळ करून राहतो आणि बिळाच्या तोंडाला दार बसवितो.

दार हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. ते खरोखरीचे दार असते. या कोळ्याच्या जबड्यावर राठ काट्यांचा एक दाताळ्यासारखा भाग असतो. त्याने तो माती उकरतो, बाहेर टाकतो आणि बिळाच्या भिंतींना आतून रेशमाचे अस्तर लावतो. मग रेशीम आणि माती यांचे थर देत तोंडावर गोल झाकण तयार करतो. हे झाकण एका बाजूला रेशमाच्याच बिजागरीने जोडलेले राहते, बाकीची कड मोकळी. बाहेरच्या अंगाला आसपासची माती, शेवाळ, काडीकचरा चिकटविलेला असतो. झाकण मिटले म्हणजे ते बिळाच्या तोंडावर इतके बेमालूम बसते की दोन हातांवर बसूनसुद्धा माणसाला दिसत नाही. आपल्या वाड्यांचे जुने सुतार मोठे कसबी होते, पण त्यांच्याकडे रंधा होता, पटाशी होती, उजेड होता.

रात्र पडली की कोळी या दाराच्या मागे येऊन बसतो. दार किंचित किलकिले, पुढचे पाय कडेला टेकलेले. जवळून एखादा किडा, मुंगी, भुंगेरा चालत गेला की मातीतून त्याचा कंप पायांना कळतो. क्षणात दार वर उचलले जाते, कोळी अर्धा बाहेर झेपावतो, शिकार पकडतो आणि मागे ओढतो. मागचे पाय बहुधा आतच रोवलेले असतात. दार पडते. बाहेरून पाहणाऱ्याला काही घडले असे वाटतही नाही. उलट कोणी शत्रू दार उघडू लागला तर हाच कोळी आतून ते घट्ट ओढून धरतो.

दाराविषयीची एक जुनी हकीकत सांगण्यासारखी आहे. जॉन मॉग्रिज नावाचा एक इंग्रज तरुण क्षयाने आजारी होता. हवापालटासाठी तो फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर मांतों या गावी राहत असे. तेथे त्याने मुंग्यांचे आणि झडपेच्या कोळ्यांचे निरीक्षण केले, १८७३ साली त्यावर पुस्तक काढले, आणि पुढच्याच वर्षी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तो वारला. त्याने एक प्रयोग केला. शेवाळात लपलेले एक दार त्याने काढून टाकले आणि आजूबाजूचे शेवाळही खरवडून जमीन उघडी केली. कोळ्याने नवे दार बनविले आणि कोठून तरी शेवाळ आणून त्यावर लावले! आता उघड्या मातीत हिरवा ठिपका लांबूनही दिसू लागला. कोळी आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता पाळत होता. जमीन बदलली आहे, हे त्याच्या हिशेबात बसत नव्हते. पुढे मी जमिनीविषयी बोलणार आहे, तेव्हा ही गोष्ट लक्षात असू द्या.

आता एखाद्या जातीला नाव मिळाले म्हणजे नेमके काय झाले? पुष्कळांची अशी समजूत असते की कोणीतरी जंगलात गेला, विचित्र प्राणी दिसला आणि त्याने बारसे केले. तसे नसते. त्या कोळ्याचा एक नमुना जपून ठेवावा लागतो, आणि पुढे शंभर वर्षांनी कोणी शंका काढली तर तो नमुना काढून दाखविता आला पाहिजे. पायाच्या प्रत्येक पेराचे माप मिलिमीटरच्या अंशात घ्यावे लागते. डोळ्यांची मांडणी पाहावी लागते. इडिऑप्सच्या आठ डोळ्यांपैकी दोन डोळे अगदी पुढे, कपाळाच्या काठावर असतात आणि उरलेले सहा मागे घोळक्याने. ही त्या कुळीची खूण. नर आणि मादी यांच्या जननेंद्रियांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली तपासावी लागते, कारण दोन जातींतला फरक बहुतेक वेळा तेथेच उमगतो. आणि हे सारे, आजपर्यंत ज्या जातींना नावे मिळाली आहेत त्यांच्या वर्णनांशी ताडून पाहावे लागते. ती वर्णने कधी १९०० साली लंडनहून निघालेल्या पोकॉक साहेबाच्या ग्रंथात असतात, कधी दुसऱ्याच भाषेतल्या नियतकालिकात. इतके झाल्यावर निबंध छापला जातो, आणि मग जातीच्या नावापुढे वर्णन करणाऱ्यांची आडनावे व वर्ष कायमचे लागते.

कासच्या कोळ्यापुढे जी आडनावे लागली आहेत ती ऐका: मिर्झा, वझे आणि सानप, २०१२. ही तीन आडनावे अशी शेजारी शेजारी वाचताना मला फार बरे वाटले. त्याचे कारण या सभागृहात फोड करून सांगण्याची गरज नाही.

यांपैकी झीशान मिर्झा आणि राजेश सानप या दोन तरुणांनी मुंबईच्या आरे दुग्ध वसाहतीत रात्री-अपरात्री विजेऱ्या घेऊन पुष्कळ पायपीट केलेली आहे. मुंबईत, जेथे खोलीभर जागेला सोन्याचा भाव आहे, तेथल्या गोठ्यांच्या आणि झाडीच्या मुलखात त्यांना एक नवा विंचू सापडला. त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि त्याच्या नावात त्यांनी आरे हा शब्द गुंफला. २०१४ साली एका केसाळ कोळ्यालाही त्यांनी आरेचे नाव दिले. त्याच्याही आधी, २००५ साली, मंजू सिलीवाल या संशोधक बाईंनी संजय मोलूर आणि बिश्वास यांच्यासह मुंबईच्या एका झडपेच्या कोळ्याचे वर्णन केले होते. त्याचे नाव इडिऑप्स बॉम्बेयेन्सिस. त्याच वर्षी या तिघांनी भारतातल्या साऱ्या ज्ञात कोळ्यांची यादी छापली, तीत १४४२ जाती होत्या. ती संख्या तेव्हापासून शेकड्यांनी वाढली आहे. आणि जगाचा आकडा विचाराल, तर स्वित्झर्लंडमधील बर्न येथे ठेवल्या जाणाऱ्या जागतिक यादीत २०२२ साली पन्नास हजारावी जात नोंदली गेली. मुलींनी सिलीवाल बाईंचे नाव मुद्दाम लिहून घ्यावे. बिळातले कोळी हा त्यांचा खास प्रांत आहे आणि आपल्या देशातील अशा अनेक जातींच्या पुढे त्यांचे आडनाव आहे.

पुण्याचाही या विद्येशी जुना संबंध आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षण या सरकारी संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ साली पुण्यात सुरू झाले. आज ते आकुर्डीला आहे. तेथे बी. के. टिकादर नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी पुण्यात बसून कोळ्यांच्या कितीतरी जातींची वर्णने केली. १९७७ साली बिळात राहणाऱ्या कोळ्यांवर त्यांचा निबंध निघाला, त्यात मेघालयातल्या गारो टेकड्यांच्या इडिऑप्सचे वर्णन आहे. भारतीय कोळ्यांवरचे त्यांचे हातपुस्तक १९८७ साली आले आणि अजूनही या विषयात शिरणाऱ्याला ते उघडावे लागते. आपण ज्या शहरात राहतो तेथे हे काम झाले, हे आपल्या मुलांना ठाऊक नसते. मी स्वतः पुण्यातच शिकलो, पण मला हे शाळेत कोणी सांगितले नाही.

या कोळ्याच्या आयुष्याविषयी थोडे सांगतो, कारण खरी अडचण तेथे आहे. मादी आपले बीळ सहसा सोडत नाही. पिल्लू असताना केलेले इवलेसे बीळ तीच वर्षानुवर्षे रुंदावत जाते, दाराला कडेने नवा थर देत जाते. नर वयात आला की बीळ सोडून मादीच्या शोधात निघतो, बहुधा पावसाच्या ओलीत, आणि त्यानंतर फार दिवस जगत नाही. पिल्ले काही काळ आईच्या बिळात राहतात आणि मग चालतच बाहेर पडतात. जाळे विणणाऱ्या कोळ्यांची पिल्ले रेशमाच्या धाग्यावर वाऱ्यासरशी मैलोगणती जातात, तशी यांतली बहुतेक पिल्ले जात नाहीत. ती थोड्या अंतरावर, त्याच दरडीत, त्याच उतारावर आपले बीळ करतात. म्हणजे आई, मुली, नाती सगळ्या एकाच मोहल्ल्यात.

किती वर्षे हा संसार चालतो? पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन नावाच्या बाईंनी १९७४ साली झडपेच्या कोळ्यांची बिळे मोजायला घेतली. प्रत्येक बिळापाशी क्रमांकाची खुंटी ठोकली आणि दरवर्षी त्या पाहून येत. त्यांतल्या सोळा क्रमांकाच्या बिळातली मादी २०१६ पर्यंत त्याच बिळात होती. त्रेचाळीस वर्षे! आज येथे बसलेल्या पुष्कळ पालकांहून ती वयाने मोठी ठरली असती. त्या वर्षी तिच्या दाराला भोक पडलेले आढळले. कोळ्यांची शिकार करणारी एक जातीची गांधीलमाशी असते, ती कोळ्याला डंख मारून त्याच्या अंगावर अंडे घालते, आणि अळी त्या कोळ्यावर वाढते. म्हातारपणाने नव्हे, तर अशा माशीमुळे ती गेली असावी, असे अभ्यासकांनी २०१८ साली लिहिले. तोवर मेन बाई स्वतः नव्वदीच्या जवळ आल्या होत्या. सोळा नंबरची मादी इतकी जगली ती जागा म्हणजे गव्हाच्या शेतांच्या मुलखात न नांगरता राखून ठेवलेला झाडोऱ्याचा एक तुकडा होता. त्या तुकड्यात ट्रॅक्टर शिरला असता तर तिची त्रेचाळीस वर्षे एका दुपारी संपली असती.

म्हणून जमिनीचा प्रश्न येतो. पक्ष्याचे झाड तोडले तर तो उडून जातो, निदान आपल्या डोळ्यांना उडताना दिसतो. हा कोळी जात नाही. जेसीबीचे तोंड दरडीत शिरते तेव्हा तो बहुधा आतून दार ओढून धरीत असेल. गांधीलमाशीसाठी घेतलेली खबरदारी तो यंत्रासाठीही घेतो, मॉग्रिजच्या कोळ्याने उघड्या मातीवर शेवाळ आणले तसेच. आणि एक मोहल्ला उखडला गेला तर तो पुन्हा वसवायला शेजारच्या डोंगरावरून पिल्ले चालत येणार नाहीत. मध्ये रस्ता आहे, सोसायटी आहे, नाला आहे.

मुंबईत आरेच्या बाबतीत काय झाले ते आपण जाणता. मेट्रोच्या कारशेडसाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये तेथील दोन हजारांहून अधिक झाडे तोडली गेली, मोठे आंदोलन झाले, २०२० साली आरेतली सुमारे आठशे एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली आणि २०२२ साली कारशेड पुन्हा तेथेच करण्याचे ठरले. आज त्या मेट्रोने लोक प्रवास करतात आणि त्यांची सोय झाली आहे, हेही खरे. मी मेट्रोच्या विरुद्ध बोलायला उभा नाही. पुण्यात रोज स्वारगेटच्या गर्दीतून येणारा माणूस तसे बोलू शकत नाही. मला एवढेच जाणवले की त्या साऱ्या वादात झाडांची संख्या सर्वांना पाठ होती. झाडे मोजता येतात. झाडाखालच्या मातीत कोण होते, हे फक्त ज्यांनी रात्री विजेरी घेऊन पाहिले होते त्यांनाच सांगता आले, आणि ते थोडे होते.

आपल्या पुण्याच्या टेकड्यांकडे पाहा. कोंढवा, येवलेवाडी, कात्रज या बाजूला गेल्या वीस-पंचवीस वर्षांत डोंगर कसा फोडला गेला, हे येथल्या अनेकांनी आपापल्या खिडकीतून पाहिले आहे. आपल्यापैकी काहींची घरेही तेथेच आहेत, आणि घर कोणाला नको? पण फोडण्याआधी त्या उतारावर काय होते याची एक तरी वही कोणी लिहून ठेवली होती का? तशी वही नवव्या इयत्तेतला मुलगा लिहू शकतो. तिला पैसे लागत नाहीत आणि इंग्रजी माध्यमही लागत नाही.

पालकांना माझे थोडे स्पष्ट सांगणे आहे. मुलगा किंवा मुलगी मातीत बसून किडे पाहत राहिली तर "अभ्यास सोडून हे काय चाललंय" असे आपण म्हणतो. मीही वर्गात खिडकीबाहेर पाहणाऱ्याला हटकतो, तो माझा धंदाच आहे. पण एक तासभर एकाच जागी बसून पाहणे आणि पाहिले तेवढेच लिहिणे, ही सवय परीक्षेच्या तयारीपेक्षा दुर्मिळ आहे. ती मुलात आपोआप आली असेल तर निदान तिच्यावर पाणी ओतू नका. प्राणिशास्त्रात नोकऱ्या थोड्या आहेत, हे मला माहीत आहे. खोटी आशा मी दाखविणार नाही. ज्याला डॉक्टर व्हायचे आहे त्याने व्हावे, ज्याला बापाचे दुकान चालवायचे आहे त्याने ते चालवावे. रविवारची सकाळ दोघांनाही मोकळी असते.

विद्यार्थ्यांना दोन-तीन सूचना. टेकडीवर गेलात तर पायवाटेच्या कडेला मातीची उभी दरड असते तेथे थांबा, विशेषतः सावलीत, जेथे शेवाळ धरलेले आहे. एक-दोन रुपयांच्या नाण्याएवढे गोल काही दिसते का, त्याच्या कडेला अर्धचंद्राकृती बारीक फट आहे का, ते पाहा. सापडले तर काडी घालून उचकटू नका आणि बीळ खणून तर मुळीच काढू नका. हे कोळी माणसावर धावून येत नाहीत, पण छेडले तर कोणीही चावेल. शिवाय तुम्ही खणलेत की त्या मादीचे सारे आयुष्य खणलेत. मोबाइलने छायाचित्र घ्या, जागा, तारीख, वेळ आणि माती ओली होती की कोरडी, हे लिहा आणि विज्ञानाच्या सरांना दाखवा. महिन्याने पुन्हा त्याच जागी जा. नमुने गोळा करण्याचे काम परवानगी घेऊन तज्ज्ञांनी करायचे असते. कासला गेलात तर आखून दिलेल्या वाटेवरूनच चाला. फोटोसाठी फुलांत जाऊन बसणारी मंडळी फुले तर चिरडतातच, पण त्या मातीत आणखी कोणाची दारे असतील हे त्यांच्या गावीही नसते.

या व्याख्यानाची तयारी करीत असताना आठवीच्या वर्गात मी हे थोडेसे सांगून पाहिले. तेव्हा एका मुलीने विचारले, "सर, दार लावल्यावर आत अंधारच असणार ना? मग त्याला आठ डोळे कशाला?" प्रश्न उत्तम आहे. या कोळ्यांची नजर फारशी तेज नसते; उजेड-अंधार, जवळची हालचाल एवढे त्यांना कळत असावे. त्यांचा खरा भरवसा पायांवरच्या बारीक केसांवर आणि मातीतून येणाऱ्या कंपावर असतो. तुम्ही टेकडीवर गप्पा मारीत चालत असता तेव्हा तुम्हाला तो दिसलेला नसतो, पण तुमचे पाऊल त्याला केव्हाच कळलेले असते आणि त्याने दार लावून घेतलेले असते. त्या मुलीला मी सांगितले की दरडीपाशी थांबायचे असेल तर आधी दहा मिनिटे अगदी न हलता बसावे लागेल. ती म्हणाली, "सर, आमच्या वर्गात ते फक्त मलाच जमेल."